वनजमिनीवरचा पहिला हंगाम : विदर्भातील शिळावर्तुळांच्या सर्वेक्षणाला निघणाऱ्यांसाठी

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुनापाणी नावाचे ठिकाण आहे. तेथील मुरमाड माळावर मोठमोठ्या दगडांची शेकडो वर्तुळे, म्हणजेच शिळावर्तुळे, पसरलेली आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, लोहयुगात, या भागातील लोकांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९मध्ये त्यांविषयी लिहिले आणि १९६१-६२मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तेथील तीन वर्तुळांचे उत्खनन केले. पुढे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे काम केले. त्यातून मृतासोबत पुरलेले घोडे व घोड्यांचे तांब्याचे अलंकार, लोखंडी हत्यारे, माहुरझरीचा मणी बनवण्याचा उद्योग आणि नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी हे सगळे जगापुढे आले. ही झाली नावाजलेली स्थळे. याच प्रकारची अनेक वर्तुळे आजही राखीव वनांत, झुडपी जंगलात आणि गायरानांच्या कडेला नोंद न होता पडून आहेत, आणि त्यांच्या नोंदीसाठी दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांचे लहान-लहान संघ जंगलात उतरतात.

अशा पाच हंगामांत मी काम केले आहे. पहिल्या हंगामात कोणत्या कार्यालयात कोणता कागद द्यायचा, काय उचलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. त्या गोंधळात गेलेले दिवस तुमचे तरी वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१. कामाचे स्वरूप आधी समजून घ्या

पुरातत्त्वातील क्षेत्रीय काम दोन प्रकारचे असते. जमिनीला धक्का न लावता पृष्ठभागावर जे दिसते त्याची नोंद करणे म्हणजे सर्वेक्षण किंवा गवेषण. जमीन खणून थरांचा अभ्यास करणे म्हणजे उत्खनन. वनजमिनीवर नवख्या माणसाच्या वाट्याला जवळजवळ नेहमी पहिला प्रकारच येतो. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणे, प्रत्येक वर्तुळ मोजणे, छायाचित्रे काढणे, संध्याकाळी मुक्कामी येऊन नोंदी वहीतून संगणकात उतरवणे, असा हा दिनक्रम आहे. ब्रश आणि चर यांची आस धरून येणाऱ्यांचा पहिल्या आठवड्यात हिरमोड होतो. मात्र एखाद्या नाल्याच्या दोन्ही अंगांना तीस-चाळीस वर्तुळे कशी मांडलेली आहेत, ती पाण्यापासून किती दूर आहेत, मुरमाच्या उंचवट्यावरच का आहेत, हे प्रश्न चालल्यावाचून सुटत नाहीत. एक वर्तुळ खणून त्या एकाच दफनाची हकीकत कळते. शंभर वर्तुळांची नीट नोंद झाली तर त्या भूभागावर माणसे कशी वावरत होती, याचा अंदाज बांधता येतो.

२. संघात प्रवेश मिळवा

हे काम एकट्याने किंवा हौशी मित्रमंडळाने करण्याचे नाही, कारण परवानगी संस्थेच्या नावाने आणि संचालकाच्या जबाबदारीवर मिळते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग, पुण्याचे डेक्कन कॉलेज, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर येथील शाखा आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय या ठिकाणी चौकशी करावी. हंगामाची आखणी पावसाळ्यातच होते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पत्र लिहावे. डिसेंबरात विचारणाऱ्याला बहुधा पुढच्या वर्षीचा वायदा मिळतो.

पत्रात पदव्यांची यादी थोडक्यात द्या आणि संघाला उपयोगी पडेल असे काय येते ते स्पष्ट लिहा: मोजणी करून आराखडा काढता येतो का, जी.आय.एस.चे, म्हणजे संगणकावर नकाशे बनवण्याचे, सॉफ्टवेअर हाताळता येते का, वऱ्हाडी, गोंडी किंवा माडिया समजते का, मोटारसायकल चालवता येते का. प्रवासखर्च, मुक्काम, जेवण, मानधन आणि विमा यांपैकी काय मिळणार आणि काय स्वतः करायचे, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच संघांत राहण्या-जेवणाची सोय होते आणि मानधन मिळत नाही. हे आधी कळले म्हणजे मनात अढी राहत नाही.

३. परवानग्या : दोन खाती, दोन स्वतंत्र वाटा

नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज येथे होतो. पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाली म्हणजे जंगलात शिरण्याची मुभा मिळाली, असे वाटते. तसे नाही.

पहिली वाट पुरातत्त्वाची आहे. संस्थेने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करायचा असतो, त्यावर केंद्रीय पुरातत्त्व सल्लागार मंडळाची स्थायी समिती विचार करते, आणि परवानगी ठरावीक क्षेत्रासाठी व साधारणपणे एका क्षेत्रीय हंगामापुरती मिळते. हा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा धरला जातो. उत्खननाच्या बाबतीत कायदा इतका कडक आहे की, संरक्षित क्षेत्राबाहेरही राज्य सरकारला केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय उत्खनन करता किंवा कोणाला करू देता येत नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्याच्या कलम २४मध्ये ही तरतूद आहे.

दुसरी वाट वनखात्याची. प्रादेशिक वनविभागात काम असेल तर उपवनसंरक्षकांकडे अर्ज जातो. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्प असेल, म्हणजे ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, मेळघाट यांसारखे क्षेत्र असेल, तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांचा प्रवेश परवाना लागतो. या कायद्याच्या कलम २८मध्ये शास्त्रीय संशोधन हे परवान्याचे एक कारण म्हणून दिलेले आहे. अर्जात त्याचा उल्लेख आवर्जून करावा. व्याघ्र प्रकल्पाचे नाव ऐकून खचून जाण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात १९३८नंतर थेट २०२२मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संघाने गवेषण केले आणि सुमारे १७० चौरस किलोमीटर क्षेत्रात २६ लेणी, २६ मंदिरे व २४ शिलालेखांची नोंद केली. परवानगी मिळते, वेळ लागतो, म्हणून किमान तीन महिने हाताशी ठेवावेत.

निघताना पुढील कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाच्या चार प्रती काढा:

– पुरातत्त्वीय परवानगीची प्रत, ज्यात क्षेत्र व कालावधी स्पष्ट दिसतो
– वनविभागाचे पत्र, परिक्षेत्र व शक्य असल्यास कक्ष (जंगलाचा क्रमांक दिलेला तुकडा) क्रमांकांसह
– संघातील सर्वांची नावे, छायाचित्रे, आधारकार्डाच्या प्रती आणि संस्थेची ओळखपत्रे
– वाहनांचे क्रमांक व चालकांचे परवाने
– उपकरणांची यादी. ड्रोन असल्यास त्याची स्वतंत्र परवानगी
– स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीपत्राची पोच
– ग्रामपंचायत किंवा ग्रामसभेचे पत्र
– प्रत्येकाचा रक्तगट, विमा व घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असलेला एक तक्ता

ड्रोनविषयी एक सूचना. मूळ अर्जात त्याचा उल्लेख नसेल तर तो घरीच ठेवा. नाक्यावर ड्रोन सापडला की बाकीच्या सगळ्या कागदांकडेही संशयाने पाहिले जाते, आणि ते स्वाभाविक आहे.

४. जमीन नेमकी कोणाची, हे ठरवा

नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणजे सगळी जमीन एकाच खात्याची, असे समजू नका. राखीव वन आणि संरक्षित वन हे दोन प्रकार वनखात्याकडे असतात. काही क्षेत्र वनविकास महामंडळाकडे आहे आणि तेथे विभागीय व्यवस्थापकांना वेगळे पत्र द्यावे लागते. गडचिरोली, गोंदियाकडे अनेक गावांना २००६च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. मेंढा-लेखा हे त्यांतील सर्वांना ठाऊक असलेले गाव. अशा ठिकाणी ग्रामसभेला आधी सांगणे हा कामाचाच भाग आहे. तिच्यासमोर उभे राहून आपण काय करणार आहोत ते मराठीत किंवा गोंडीत समजावून सांगा आणि प्रश्नांना उत्तरे द्या.

पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हा खास येथला प्रश्न. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील ही जमीन महसुली दप्तरात त्या नावाने चढलेली आहे, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले. शिळावर्तुळे अशा उथळ मातीच्या, मुरमाड, नांगराला न मानवणाऱ्या जमिनीवर वारंवार आढळतात, म्हणून हा तपशील आपल्याला लागतो. तलाठ्याकडून गट क्रमांक आणि वनपरिक्षेत्र कार्यालयातून कक्ष क्रमांक, असे दोन्ही मिळवा. यांपैकी एक नसेल तर पुढे नोंद कोणाच्या दप्तरात जायची, हेच ठरत नाही.

५. हंगामाची निवड

कागदावर हंगाम ऑक्टोबरात सुरू होत असला, तरी नोव्हेंबरपर्यंत गवत कमरेएवढे उभे असते, तरोट्याचे रान माजलेले असते, आणि दहा पावलांवरचे वर्तुळ दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत बसू लागते. खरा काळ जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा आहे: सागाची पाने झडलेली, पळस फुललेला, उन्हाचा ताप सोसण्याजोगा. त्यानंतर दोन अडचणी येतात. मोह वेचण्याचा हंगाम सुरू होतो, आणि वणव्यांचा धोका वाढल्याने वनकर्मचारी त्या कामात गुंततात. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचे काम सुरू झाले की सोबतीला माणूस मिळत नाही आणि चंद्रपूरकडचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीत शिरायचेच असेल तर सकाळी दहापूर्वी.

६. सामान

महागड्या उपकरणांची यादी करत बसू नका. ३० मीटरचा फीता, ५ मीटरचा लहान फीता, होकायंत्र, हातात धरण्याचे जी.पी.एस. उपकरण, जादा बॅटऱ्या, छायाचित्रासाठी १० सेंटीमीटरची मापपट्टी व उत्तरदर्शक बाण, एक रेंजिंग रॉड (मोजणीसाठी पट्टे रंगवलेली काठी), आलेख कागद, पेन्सिली, बंद होणाऱ्या पिशव्या, पक्क्या शाईचे पेन. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे भूरूप दाखवणारा नकाशा, छापील स्वरूपात हवीच, कारण दरीत गेल्यावर फोनचा नकाशा उघडत नाही. जुन्या शीटवरील अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट या जुन्या मोजणी-आधारावर असतात आणि जी.पी.एस. डब्ल्यू.जी.एस. ८४ हा वेगळा आधार वापरते. हे ध्यानात न घेता दोन्हींची जुळणी केली, तर वर्तुळ नाल्याच्या दुसऱ्याच काठावर जाऊन पडते.

अंगावर मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे, घोट्याच्या वर येणारे बूट, टोपी. माणशी किमान तीन लिटर पाणी. खुरपी, ट्रॉवेल, कुदळ यांपैकी काहीही सर्वेक्षणात सोबत नेऊ नये. सामानात कुदळ दिसली की गुप्तधन शोधणारे आले, अशी बातमी संध्याकाळपर्यंत पाच गावांत पोचते.

७. पहिला दिवस : परिक्षेत्र कार्यालय ते बीट

पहिला दिवस चालण्यासाठी राखून ठेवू नका. सकाळी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा, पत्राची प्रत द्या, आवक नोंद करून घ्या. तेथून राउंडच्या वनपालांकडे आणि मग बीटच्या वनरक्षकांकडे जा (एका वनरक्षकाकडे असलेले क्षेत्र म्हणजे बीट, काही बीट मिळून राउंड). गावकरी ज्यांना अजूनही नाकेदार म्हणतात त्या वनरक्षकांचा शब्द जंगलात शेवटचा असतो. कोणत्या कक्षात नुकताच वाघ दिसला, कोणता नाला ओलांडता येतो, कोणत्या टेकडीवर आग्यामोहोळ आहे, हे त्यांनाच माहीत असते. त्यांच्याशी बोलताना वरिष्ठांच्या पत्राचा धाक दाखवू नये. आपण काय शोधतो आहोत, त्याची छापील छायाचित्रे दाखवून विचारावे.

एकदा असे चित्र एका नाकेदाराने आपल्या सोबत्याला, गुरे वळणाऱ्या म्हाताऱ्या काकांना दाखवले. काकांनी ते डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, “असे गोट्याचे गोल त नाल्याच्या पलीकडं लय हायेत. चाला, दाखवतो.” आमच्या तीन दिवसांच्या आखणीत तो भाग नव्हताच. त्या दुपारी काकांच्या मागे चालत आम्ही सतरा वर्तुळे पाहिली. तेव्हापासून प्रत्येक हंगामाची सुरुवात मी गुराख्यांना विचारून करावी, असे ठरवले आहे.

८. वर्तुळ ओळखणे आणि नोंदवणे

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचावा.

आधी ओळख. कातळाचे मोठे दगड गोलाकार मांडलेले असतात, व्यास आठ-दहा मीटरपासून वीस मीटरपर्यंत असू शकतो, आतील भाग लहान गोट्यांनी भरलेला व मध्याकडे किंचित उचललेला असतो. बाहेरील दगड जमिनीत रोवलेले असतात, वर नुसते ठेवलेले नसतात. नवखा माणूस चार गोष्टींनी फसतो. पहिली, वनहद्दीचे मुनारे, म्हणजे सीमा दाखवण्यासाठी रचलेले दगडांचे ढीग. ते एका रेषेत व ठरावीक अंतरावर असतात. दुसरी, रोपवनाच्या वेळी झाडांभोवती रचलेली आळी. तिसरी, बेसाल्टचे नैसर्गिकरीत्या गोल झिजलेले धोंडे, ज्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. चौथी गोष्ट नाजूक आहे. भामरागडच्या बाजूला माडिया समाज आजही आपल्या मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभ्या करतो. त्या कोणाच्या तरी आई-वडिलांच्या आहेत. त्यांना स्थळ क्रमांक देऊन फीता लावण्याआधी गावात विचारणे हे साधे सौजन्य आहे.

आता नोंद. वर्तुळाच्या मध्यावर उभे राहा, जी.पी.एस. स्थिर होऊ द्या, उपकरण दाखवते ती अचूकता पाच मीटरांच्या आत आल्यावरच वाचन घ्या आणि ते वहीतही लिहा. मग उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही व्यास मोजा, बाहेरून बाहेर. दगडांची संख्या मोजा. निम्मे दगड गायब असतील तर तसे लिहा आणि ते कोणत्या बाजूचे गेले तेही लिहा. सर्वांत मोठ्या दगडाची जमिनीवरची उंची, खडकाचा प्रकार, आतील भरावाचे स्वरूप, उतार, जवळच्या पाण्याचे अंतर, शेजारच्या वर्तुळाचे अंतर व दिशा, वाढलेली झाडे. शेवटी हानी: मुरूम काढला आहे का, मध्यभागी गुप्तधनाच्या हव्यासाने खड्डा मारला आहे का, दगड शेताच्या धुऱ्यावर गेले आहेत का.

त्यानंतर प्रत्येक मोठ्या दगडाजवळ गुडघे टेकून बसा. जुनापाणीच्या काही दगडांवर ओळीने कोरलेल्या लहान खळग्या आहेत. त्यांना चषकचिन्हे म्हणतात. रिव्हेट-कार्नाकलाही त्यांचेच कुतूहल वाटले होते. आपल्या बेसाल्टमध्ये मात्र लाव्हा थिजताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्याही असतात, आणि नवखी माणसे त्यांनाच चिन्हे समजून आनंदून जातात. फरक बोटाने कळतो. पोकळीची कडा वेडीवाकडी असते, आकार एकसारखे नसतात, आत कधी झिओलाइट या खनिजाचे पांढरे कण चिकटलेले असतात. कोरलेली खळगी तळाशी गुळगुळीत, वाटीसारखी असते, शेजारच्या खळगीच्याच मापाची असते आणि ओळ धरून असते. तिचे छायाचित्र दुपारी कधीही काढू नका. उन्ह डोक्यावर असताना सगळा दगड सपाट दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास तिरपे उन्ह दगडावर सरकू लागले की एकेक खळगी सावलीने भरते, आणि दुपारी सात मोजलेल्या जागी अकरा दिसतात. खडूने किंवा पिठाने चिन्हे भरण्याची जुनी सवय काही जणांना आहे. ती सोडावी, कारण त्याने दगडाच्या पृष्ठभागाला अपाय होतो.

वही रोज संध्याकाळी, जेवणाआधी, दुसऱ्या माणसाला वाचून दाखवावी. त्याला न कळलेला प्रत्येक शब्द तेव्हाच दुरुस्त होतो. दोन महिन्यांनी तो तुम्हालाही कळणार नाही.

९. काय उचलावे, कशाला हात लावू नये

वर्तुळांच्या आसपास काळी-तांबडी खापरे, लोहमळीचे (लोखंड गाळताना उरलेल्या मळीचे) तुकडे, गारगोटीची सूक्ष्म हत्यारे पृष्ठभागावर दिसतात. ती खिशात टाकण्याचा मोह फार मोठा असतो. १९२७च्या भारतीय वन कायद्यात वनउपजाची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगलातील पृष्ठभागावरची माती, खडक आणि खनिजेही येतात. म्हणजे परवानगीवाचून राखीव वनातून नेलेला एक दगड, तो अश्मयुगीन हत्यार असो वा नुसता गोटा, गुन्ह्याचे कारण होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींविषयीचा १९७२चा कायदा वेगळा लागू होतो.

म्हणून नियम असा ठेवा: परवानगीत पृष्ठभागावरील नमुने गोळा करण्याची मुभा लेखी असेल तरच, संचालकांनी सांगितलेल्या पद्धतीने आणि जागेची नोंद झाल्यावरच वस्तू उचलावी, पिशवीत चिठ्ठी, पिशवीवर क्रमांक, वहीत तोच क्रमांक. एरवी वस्तूचे मापपट्टीसह छायाचित्र काढून ती होती तेथेच ठेवावी. नाणी किंवा दागिने दिसले तर हात लावू नये, ताबडतोब संचालकांना कळवावे. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार अशा सापडलेल्या धनाची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आणि अक्षांश-रेखांशासह छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. वर्तुळाच्या मधोमध रात्रीत पडलेले खड्डे मी पाहिले आहेत. आपण दिलेल्या पत्त्यावर कोणी कुदळ घेऊन जाऊ नये.

१०. प्राणी, आजार, अपघात

चंद्रपूर जिल्ह्यात वाघ व्याघ्र प्रकल्पाबाहेरही मोठ्या संख्येने आहेत, आणि सरपण, मोह, तेंदूपत्ता आणायला गेलेली माणसे दरवर्षी जिवास मुकतात. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर जंगलात राहू नये, एकट्याने मागे रेंगाळू नये, दगड मोजण्यासाठी वाकताना किंवा बसताना सोबतीच्या एका माणसाने उभे राहून चौफेर नजर ठेवावी. मोहाच्या दिवसांत अस्वलाचे भय वाघाइतकेच असते. आग्यामोहोळ असलेल्या कड्याखाली अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, मोठ्याने बोलू नये.

दगडाखाली हात घालण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडून टाका. घोणस, मण्यार आणि विंचू यांना तीच जागा आवडते. सर्पदंशावरील प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते व तेथे पोचायला किती वेळ लागतो, हे संघातील प्रत्येकाला ठाऊक हवे. गडचिरोलीत मच्छरदाणी अनिवार्य समजा. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत गवतातील बारीक किडीच्या चाव्यातून स्क्रब टायफसचा ताप येतो, २०१८मध्ये नागपूर परिसरात त्याची मोठी साथ होती. म्हणून घरी परतल्यावर ताप आला तर आपण जंगलात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

११. हंगामानंतरची कागदपत्रे

पुरातत्त्व सर्वेक्षणाला अहवाल द्यावा लागतो आणि तो वेळेत दिला नाही तर पुढच्या हंगामाची परवानगी अडते. बहुतेक संघ हे करतात आणि काम संपले असे मानतात. माझ्या पहिल्या हंगामात आम्हीही तेच केले. एका वनविभागात एका नाल्याच्या काठी एकेचाळीस वर्तुळे नोंदवली, सुबक नकाशा केला, अहवाल दिल्लीला गेला. पुढच्या वर्षी जानेवारीत परत गेलो तर उतारावर सलग समतल चर खणलेले होते, पाणी अडवण्यासाठी, यंत्राने, अगदी शास्त्रशुद्ध समपातळीत. आणि ते सहा वर्तुळांच्या आरपार गेले होते. रोवलेले दगड उपटून चराच्या बांधावर टाकलेले होते. यंत्राला वाट दाखवणारे नाकेदार तेच होते जे आदल्या वर्षी आठ दिवस आमच्यासोबत फिरले होते. ते म्हणाले, “तुम्ही एक कागद देला असता साहेब, त मशीन वळवली असती.” त्यांच्या कार्यालयात आमचा एकही कागद नव्हता. चराची आखणी करणाऱ्याला तेथे काही आहे हे कळण्याचा मार्गच आम्ही ठेवला नव्हता.

म्हणून हे शेवटचे काम टाळू नका. अहवालाखेरीज मराठीत दोन पानांचे एक टिपण तयार करा. पहिल्या पानावर शिळावर्तुळ म्हणजे काय, हे चार ओळींत आणि एका छायाचित्रात. दुसऱ्या पानावर तक्ता: बीट, कक्ष क्रमांक, वर्तुळांची संख्या, अक्षांश-रेखांश, आणि शेजारी कक्षांच्या सीमा दाखवणारा नकाशा, ज्यावर वर्तुळांभोवती लाल रेघ ओढलेली असेल. विद्वत्तेचा एकही शब्द त्यात नको. त्याच्या प्रती उपवनसंरक्षक, परिक्षेत्र अधिकारी, वनपाल आणि वनरक्षक यांना, तसेच ग्रामपंचायतीला आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला द्या. सोबतच्या पत्रात दोन विनंत्या स्पष्ट करा: या कक्षांत मृदसंधारण, रोपवन किंवा मुरूम काढण्याचे काम ठरवताना ही ठिकाणे वगळावीत, आणि विभागाची पुढची कार्य आयोजना तयार होताना त्यांची नोंद घ्यावी. कार्य आयोजना साधारणपणे दहा वर्षांसाठी असते; त्यात एकदा नाव चढले की अधिकारी बदलले तरी नोंद राहते.

प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्या. वनरक्षकांची प्रत टपालाने पाठवू नका, नाक्यावर जाऊन हातात द्या, नकाशा भिंतीवर लावायला सोबत टाचण्या न्या, आणि लाल रेघ कोणत्या नाल्यापासून कोणत्या पायवाटेपर्यंत जाते ते त्यांच्याबरोबर एकदा बोट फिरवून पाहा.